घाम

लष्करातल्या आमच्या गच्चीवर
विटांशिवाय खोली उभी राहतेय.
आधी लोखंडी चौकट, मग तिच्यावर पॅनेल,
बाहेरून हिरवी, आतून फेसाळ पांढरी.

होतम कुशवाह सांध्यासांध्याला टेप लावतो,
अंगठ्याने घासतो, नखाने तपासतो.
दोन पॅनेल रुसल्यासारखी फाकली
तिथे फोम भरतो.

अनसूयाकाकू खालून विचारतात,
"ह्यात खिळा राहील का गं?"
मी ते हिंदीत वर पोचवते.
"फिरेम में ठोकियो बाईसाब, खाल में नईं."

ग्वाल्हेरला जूनमध्ये सत्तेचाळीस.
रात्री दोनलासुद्धा खालची पश्चिमेची भिंत
उतरवलेल्या तव्यासारखी.
म्हणून दोन एफडी मोडल्या.

शेवटचा स्क्रू आवळून तो म्हणाला,
"लो, अब घाम भीतर नईं आएगो."
घाम म्हणजे त्याच्याकडे ऊन.
माझ्याकडे, सहा पिढ्या इथे काढूनही,
मानेवरून ओघळतो तो.

आत उभी राहिले. गार.
काचेपलीकडे परांचीवर होतम,
दोन्ही भाषांतला घाम अंगावर,
टेपचं उरलेलं रीळ मनगटात,
काहीतरी मागत होता. पाणीच असेल.
ओठ हलताना दिसले,
ऐकू आलं नाही.