पेपरमिंटच्या तीन गोळ्या

सोमवारी सव्वाआठला एकेकाने उभं राहून
स्तोत्राचं कडवं म्हणायचं.
दे फेइटर मास्तर डोळे मिटून ऐकायचे,
चूक झाली की उघडायचे.
एवढंच. छडी नव्हती. डोळे पुरायचे.

आमचं गाव झीलंडमध्ये, समुद्राच्या खाली.
खरंच खाली : बांधावर चढलं की
एकीकडे पाणी, आणि दुसरीकडे, त्याहून खोल,
आमची बटाट्यांची शेतं, धुराडी,
दोरीवर वाळणारे काळे मोजे.

रविवारी दोनदा चर्च.
प्रवचनाचे भाग तीन, म्हणून पेपरमिंटच्या गोळ्याही तीन.
आई पहिली द्यायची पापासाठी,
दुसरी सुटकेला, तिसरी कृतज्ञतेला.
मी पहिली कडकडा चावून टाकायची
आणि बरंचसं पाप कोरड्या तोंडाने ऐकायची.

कोंबडा शनिवारी रात्रीच टोपलीखाली जायचा,
प्रभूच्या दिवशी कोंबड्यांत धिंगाणा नको म्हणून.
सोमवारी सोडला की रविवारचंही आरवून घ्यायचा.
बरीच वर्षं मला तो
घरातला सगळ्यात धार्मिक वाटायचा.
मग कळलं, धार्मिक टोपली होती.

छपरावर वीज पकडणारी सळई नव्हती.
घराला विमा नव्हता.
आमच्या कोणाच्याच दंडावर लसीचा वण नव्हता.
जे येतं ते त्याच्या हातून येतं,
त्याचा हात धरणारे आपण कोण?

क्राइन माझ्या बाकावर, डावीकडे.
पाठांतरात कच्चा,
पण बांधाच्या उतारावर त्याला कोणी गाठलं नाही कधी.
ऑगस्टमध्ये आम्ही कालव्यात पोहलो.
सप्टेंबरमध्ये बाकाची डावी बाजू रिकामी.
मास्तर म्हणाले, प्रार्थना करा.
मी केली. मनापासून केली,
हे इथे लिहून ठेवते.

नाताळच्या आधी तो आला,
पायांना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद.
चालला की दाराची कडी कोणी हलवतंय असं वाटे.
पाद्री म्हणाले, परीक्षा होती.
कोणाची, ते म्हणाले नाहीत.

त्याच हिवाळ्यात बांध दोन मीटर उंच करत होते.
चिखलमातीचे ट्रक दिवसभर शाळेवरून जात,
खिडकीच्या काचा थरथरत, आणि
आम्ही तेव्हा विश्वास या शब्दाचा अर्थ घोकत होतो.
मी हात वर केला.
मास्तर, मग बांध?
बांध वाढवणं हा अविश्वास नाही का?
क्राइनचे पाय त्याच्या हवाली केले,
आणि बटाटे?

शेगडी घुमत राहिली.
मास्तरांनी डोळे उघडले.
मी तर काहीच चुकले नव्हते.
पन्नास वेळा, ते म्हणाले. कालचंच कडवं. सुवाच्य.

रात्री बाबांनी वही चाळली,
काही बोलले नाहीत.
चाकूने माझी पेन्सिल तासून दिली,
दोन्ही टोकांना.

आता मी शहरात, तिसऱ्या मजल्यावर.
मुलीला पहिली सुई टोचली तेव्हा
ती थोडंसंच रडली,
मी मात्र छताकडे पाहिलं,
कोणी बघतंय का म्हणून. जुनी खोड.

क्राइन तिथेच आहे.
चर्चचा कारभारी झाला, स्तोत्राचा सूर तोच धरतो.
फोनवर मुलीचं नाव विचारतो, हवा विचारतो.
त्याला राग येत नाही.
सगळा माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखा
मी तो सांभाळते,
आणि कधी वाटतं, मागेल परत, तर बरं.

बटाटे सोलताना कडवं येतं ओठांवर.
बोलावत नाही मी, तरी येतं,
पन्नासच्या पन्नास वेळा, एक शब्द न चुकता.
मी थांबते मध्येच, मुद्दाम, एक ओळ गाळते.
कोणी डोळे उघडत नाही.
नळ मात्र वाहत असतो, तो बंद करावा लागतो.