सहावी कालांद्रिया

पहाटे चारला, कत्तलखान्याच्या मागच्या दाराशी,
ओस्मार मला थर्मास भरून देतो.
याच थर्मासातून माझे वडील
माते पिण्यासाठी गरम पाणी न्यायचे.
आता त्यात बावीस अंडाशयं, अजून कोमट.
कुणाची, ते ओस्मारला ठाऊक नाही.
गाडी ओढून थकलेल्या, लंगड्या, वांझ ठरवलेल्या,
कुणाच्या तरी अंगणात नुसत्याच म्हाताऱ्या झालेल्या.
यादीत फक्त वजन असतं.

सातला सूक्ष्मदर्शकाखाली
केसाहून बारीक काचेच्या सुईने
मी अंड्यातून त्यांचं त्यांचं सगळं ओढून घेते,
आणि त्या रिकाम्या जागी ठेवते
कालांद्रियाच्या मानेच्या कातड्याची एक पेशी.
मग विजेचा झटका,
बोटाला कळणारही नाही इतका.
शंभरातली नव्वद तिथेच थांबतात.
उरलेल्यांचं घोडं पुढे सरकतं.

एका शिंगराची किंमत: माझा अकरा वर्षांचा पगार.
दुसरं घेतलं तर सूट.

‘जी अजून मेली नाही, तिला पुन्हा कशाला जन्माला घालायचं?’
मोतद्दार एलेउतेरिओने एकदाच विचारलं.
दॉन बेल्त्रान म्हणाले, ‘म्हणूनच. मेल्यावर उशीर होतो.’
पहिली जन्मली तेव्हा ते तबेल्यात गुडघे टेकून रडले.
मी पाहिलंय, खोटं नव्हतं ते.
दुसरीची नाळ माझ्या मनगटाएवढी जाड होती.
तिसरीचे पाय दुमडलेले, ती उभीच राहिली नाही.
निलगिरीच्या रांगेमागे पुरलं दोघींना.
आकडे तेवढे परत वापरले नाहीत,
म्हणून आमच्याकडे आहेत
पहिली, चौथी, पाचवी, सहावी.

खाण तशी माती, म्हणतात.
पण सहावीच्या कपाळावरचा चांद
डाव्या डोळ्याकडे घसरलाय.
बेल्त्रान हिरमुसले. मी समजावलं:
रंगाच्या पेशी गर्भात चालत जातात,
आणि दर वेळी वाट थोडी चुकते.
एलेउतेरिओ खरारा करता करता पुटपुटला,
‘म्हणजे चालणं तिचं तिचंच.’

गेल्या रविवारी म्हातारीला त्यांच्यात सोडली.
पाहुणे आले होते, दोन कॅमेरे,
तारेच्या कुंपणावर कोपरांची रांग.
कालांद्रियाने हुंगलं.
कान मागे पाडले.
आणि पाण्याच्या हौदावर
सहावीच्या पुठ्ठ्याला कडकडून चावली.

कुणाला काय बोलावं सुचेना.
एलेउतेरिओ तेवढा हसला, पोट धरून.

सहावी उधळली, ती थेट कुंपणाकडे,
पलीकडच्या ढेरपोट्या तांबड्या घोडीपाशी,
जिने अकरा महिने तिला वाहिलं, सहा महिने पाजलं,
आणि जिचं कंत्राटातलं नाव
वाहक क्रमांक चाळीस.
तारेतून दोघींची नाकं लागली.
कॅमेरे तोवर गाडीत गेले होते.

एक गोष्ट अहवालाच्या नवव्या पानावर आहे,
तिथवर कुणी पोहोचत नाही:
केंद्रक काढलं तरी अंड्याच्या कडेकडेला
ऊर्जेच्या बारीक कणिका उरतात,
त्यांचा वारसा वेगळा, आईकडून लेकीकडे येणारा.
चार वर्षांनी सहावी मैदानात चेंडूमागे वळेल,
लोक कालांद्रियाचं नाव घेऊन ओरडतील,
तेव्हा तिच्या मांड्यांत जळत असेल
थर्मासातली कुणीतरी,
जिचं फक्त वजन लिहिलं होतं.

मी हे सांगते तेव्हा न्यायाबद्दल बोलत नाही.
मला तो कळत नाही. उद्या पुन्हा चारला निघायचंय.

संध्याकाळी थर्मास तीनदा उकळत्या पाण्याने धुते.
वडील दारातून विचारतात, परत कधी देणार?
मी म्हणते, नवा आणू.
ते म्हणतात, तस्साच मिळेल?