गुणाजीचं माप

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझ्या बापाचं दुकान,
एक मशीन, एक बाक, आणि साठ इंची टेप.
ती टेप गुणाजी कुबलाच्या छातीभोवती गेली
आणि चार बोटं अलीकडेच थांबली.
बापाने मग सुतळी घेतली, गाठ मारली,
वहीत आकडा लिहिलाच नाही,
सुतळीच खिळ्याला टांगून ठेवली.

निवतीचा रापणकर. दाराच्या चौकटीतून
तिरका आत यायचा, आधी खांदा, मग हसू.
रापणीच्या एका दोराला तो एकटा,
दुसऱ्या दोराला सात जण.
मिरजेकडचा कंत्राटदार लिलावात
बांगड्याचा भाव विचारायला आला
आणि माणसाचा ठरवून गेला.

"दर्यावरचा पैलवान कोण बघणार?
लोकांना माती पाहिजे, नांगर पाहिजे."
म्हणून माझ्या बापाने शिवला
दोन घोंगड्यांचा एक अंगरखा,
पाठीवर तांबड्या दोऱ्याने भाताची लोंबी,
आणि पाटीवर नाव रंगलं:
नांगऱ्या भैरू, पावणेसात फूट.

गुणाजीने नांगर कधी धरला नव्हता.
बैल दिसला की वाट बदलायचा.
"माका ढोरांचो भय वाटता, मास्तर.
ह्यां जू तेवढां घेतंय खांद्यार,
बैल नको म्हणान सांगा तेंका."

कुडाळ, कणकवली, राजापूर.
जत्रांच्या मागोमाग तंबू.
गॅसबत्तीच्या उजेडात जू घेऊन यायचा,
दोरांवर टेकवायचा, दोर वाकायचे,
पोरं किंचाळायची.
मग बेळगावच्या मेजर सायबाला डोक्यावर धरून
गरगर, गरगर,
आणि खाली ठेवायचा, हळूच, पाटावर गणपती ठेवावा तसा.
आपटल्याचा आवाज फळ्या काढायच्या.
त्यासाठीच त्या खालून पोकळ ठेवलेल्या.

मला कळलं तेव्हा मी अकरा वर्षांचा.
बारदानाच्या आड दोघं एका किटलीतून चहा पीत होते,
सायब त्याच्या पाठीला तेल चोळत होता.
चार दिवस मी बापाशी बोललो नाही,
जणू फसवणूक त्यानेच शिवली होती.
पाचव्या रात्री दशावतारात संकासूर मेला
आणि पडद्यामागे उठून विडी मागायला लागला.
मला वाटलं, बरं,
ठरलेलं असलं तरी
मरावं नीटच लागतं.

कोल्हापुरात मात्र हसले.
पहाटे चारला उठून जोर काढणारी माणसं ती.
"मासं खाऊन पैलवान व्हतंय व्हय कुणी?"
कुणीतरी भाकरी फेकली, ती जूवर आपटून खाली पडली.
गुणाजी वाकला. उचलली, अंगरख्याला पुसली,
मधोमध उभा राहून सावकाश खाल्ली,
शेवटचा तुकडा मेजर सायबाला दिला.
तंबू आधी गप्प झाला, मग उठून उभा राहिला.
हे काही ठरलेलं नव्हतं.

सोळा हंगाम. मग गुडघे.
कंत्राटदार कराडचा एक पोरगा घेऊन आला,
नाव तेच, पाटी तीच,
बापाने अंगरखा उसवून लहान केला.
उरलेल्या घोंगडीवर मी
मॅट्रिकचा अभ्यास केला.

बाप गेल्यावर दुकान आवरताना सुतळी सापडली.
निवतीला गेलो. होडीच्या सावलीत बसून
तो जाळं शिवत होता, सुई बोटांत दिसतच नव्हती.
होडी कलू नये म्हणून खाली टेकू दिलेला,
तो जूचाच.
मी सुतळी पुढे केली, म्हटलं, तुमचं माप.
त्याने गाठ बघितली, ओढून बघितली.
"मास्तराची गाठ. सुटाची नाय."
मग खाटेखालच्या टोपलीतून सुके बांगडे काढले,
एकेक गालफडातून ओवला,
चाळीसेक झाले तरी सुतळी उरलीच.
"आवशीक दी," म्हणाला.

एसटीत माझ्या शेजारी
वेंगुर्ल्यापर्यंत कुणी बसलं नाही.