मोजदाद

पुंता दे लोबोसच्या कड्यावर, निवडुंगांच्या आडोशाला
मी उभा. हातात उसनी दुर्बीण,
गळ्यात वॉकीटॉकी.
थंडीनं दात वाजतात.
तो आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून
बटण दाबण्याआधी जबडा आवळून धरतो.

चाळीस वर्षं याच पाण्यातून कोचायुयो कापला मी.
सान्तियागोची माणसं त्याला शेवाळ म्हणतात.
म्हणोत.
मनगटाएवढा जाड, कातड्याच्या पट्ट्यासारखा चिवट,
खडकाला असा धरून असतो
की सुरा आधी माणसाला थकवतो.
आमच्या धंद्याचं शहाणपण एवढंच:
पाण्याकडे पाठ करायची नाही,
आणि समुद्र मागे सरला की
तेवढ्यात उरकून वर यायचं.
माझा भाऊ एर्मिनियो
एका जुडीसाठी थांबला होता.

जिथून मी चाळीस वर्षं मागे वळलो,
तिथून यास्नाचं सुरू होतं.
मोर्रोच्या खडकावर, फळी पोटाशी धरून
ती दोन लाटांमधल्या फटीची वाट बघते
आणि उडी टाकते.
ती फट तिला मीच दाखवली.
आठ वर्षांची होती,
बूट न भिजवता शिंपले कसे काढायचे ते शिकवत होतो.

क्षितिजाला दुमड पडते.
मग दुसरी. मग तिसरी.
"तीन येतायत, गास्पार. पहिली सोडा."
खाली पाण्याच्या स्कूटरवर गास्पार हात वर करतो.
पहिली जाते, समुद्रसिंहांचं भुंकणं गिळून.
दुसरीवर ती उठून उभी राहते.
एवढीशी. भिंतीवरचा खिळा.

कसं असतं, मी एकदा विचारलं होतं.
म्हणाली, आधी फळी खडखडते, बाबा,
दाढा हलतात, गुडघे आपले राहत नाहीत,
आणि मग एकदम सगळं गुळगुळीत,
दुधावरची साय कुणी अलगद ओढावी तसं.
त्या गुळगुळीतासाठी, म्हणाली,
आणि पुढचं बोललीच नाही, हसत सुटली.

फळीचं टोक रुतलं.
लाटेनं तिला पाठीवर वर नेलं
आणि वरून स्वतःसकट टाकलं.
लोको मऊ व्हावेत म्हणून आम्ही ते
टायरच्या तुकड्यात घालून जमिनीवर बडवतो.
तसा आवाज. कड्यापर्यंत.

मला सेकंद मोजता येत नाहीत.
मला जुड्या मोजता येतात.
एक जुडी. दोन जुड्या. तीन.
अंगातल्या जाकिटाची दोरी ओढली की ते फुगतं.
ओढली असेल.
हात मोकळा असेल तर.
अकरा. बारा.
तिसरी लाट तिच्यावरून गेली.
गास्पार फेसाच्या कडेकडेनं फिरतोय,
आत शिरत नाही, त्याचं बरोबर आहे,
त्याच्या सात पिढ्या मी उद्धरतोय.
एकोणीस.
एर्मिनियोच्या वेळी मी कितीपर्यंत मोजलं होतं
ते आठवायचं नाही.
चोवीस. पंचवीस.
फेसात केशरी ठिपका.

वॉकीटॉकी खरखरला.
"आहे," गास्पार म्हणाला.

वाळूवर ती आली तेव्हा नाकातून पाणी,
भुवईतून रक्त,
आणि सगळे दात बाहेर.
"पाहिलंस ना? उतरताना? पाहिलंस?"
"पाहिलं," मी म्हणालो.

खोटं.
ती उभी राहिली त्याच क्षणी
दुर्बीण मी पुढे नेली होती,
जिथे पडेल तिथे.
लाट मी पाहिलीच नाही.

रात्री सूप निवत होतं.
एका कानानं तिला ऐकू येत नव्हतं,
म्हणून ती मोठ्यानं बोलत होती.
टेबलावर तळहात आडवा धरून
तिनं पुन्हा उतार दाखवला:
ही कड, इथे खडखड, आणि आता, बघ,
आता.
तिचा हात पावाच्या टोपलीला वळसा घालून
सुसाट खाली आला.

मी मिठाचं भांडं वाटेतून उचललं.