काही लोक

वडगावात आमच्या गल्लीला नळ अकराव्या दिवशी येतो,
तोही पहाटे चारला, तोही तासभर,
आणि राकसकोपचं पाणी कुठवर खाली गेलंय
हे धरण कधी न बघितलेला माणूससुद्धा
गुडघ्याला हात लावून दाखवतो.

अर्ज मी लिहिला. अक्षर बरं आहे,
आणि दोन्ही भाषा येतात म्हणून.
मारुतीच्या देवळात, पंख्याखाली,
कागद उडू नये म्हणून वर नारळ ठेवून:
"साहेब, आमच्या गल्लीत काही लोक
नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतात."
इराप्पा ढवळी म्हणाले, बरोबर. काही लोक.
दस्तगीरमामा म्हणाले, वरच्या अंगाचे.
वरच्या अंगाचे म्हणाले, कोपऱ्यावरचे, भाडेकरू ठेवलेले.
चौगुल्यांची सून म्हणाली, नावं घालू नका बाई,
उगीच कशाला वाईटपणा. खरं लिहा तेवढं कडक.

कानडीत लिहिताना 'केलवु जन' लिहिलं.
पाटीवरच्या एकेका अक्षरावरून इथं
दगड उचललेले बघितलेत मी.
या दोन शब्दांवरून कुणी चकार काढला नाही.
जसेच्या तसे बसले.

सह्या सदतीस.
सदतीसावी माझी.

यल्लूबाईचा अंगठा राहिला होता.
तिचं घर गल्लीच्या शेपटाला,
पाइप तिथवर जातो, पाणी आधीच संपतं.
तिनं विचारलं, कुणाचं नाव लिहिलंय?
म्हटलं, कुणाचंच नाही.
"मग साहेबाला सापडायचे कसे गं ते?"
आणि शाई लावलेला अंगठा
तिनं भिंतीला पुसला.

आमची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची.
न्हाणीत, उपड्या बुट्टीखाली, वर ओलं पोतं.
नवऱ्यानं आणली तेव्हा आठ दिवस भांडले.
नवव्या दिवशी पोराचा युनिफॉर्म धुवायचा होता.
माग रात्रपाळीला चालू असतात ते बरं.
खटक् फटक्, खटक् फटक्, त्या आवाजात
कुणाच्या मोटरीची घुंई कुणाला ऐकू येत नाही,
आणि साडी तर विणून होतेच.

परवा चारला नळ आला,
चार दहाला लाइट गेली.
माग थांबले. आणि त्यांच्यामागोमाग
भिंतीआडून, जिन्याखालून, तुळशीच्या मागून,
दस्तगीरमामांच्या शेळ्यांच्या खोपटातून
काहीतरी दम सोडून गप्प झालं.
मी मोजायला नको होतं.
मोजलं.

मग त्या अंधारात
गल्लीच्या शेपटाकडून आवाज आला.
कोरड्या घागरीच्या तळाला धार लागते, तसा.
आधी पत्र्यासारखा, मग जाड,
मग गळ्याशी येऊन बारीक.
एक घागर. दुसरी.
मग काहीतरी लहान, तांब्या असेल.
कुणी दार उघडलं नाही.
सगळी गल्ली जागी, अंथरुणात नाही, न्हाणीत उभी,
श्वास धरून म्हातारीचं पाणी ऐकत.

माझा हात मोटरीवर होता. अजून ऊन होती ती,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या पाटासारखी.

चार सव्वीसला लाइट आली.
आधी माग. मग थोडा वेळ काहीच नाही.
मी ठरवलं, दुसरं कुणी लावत नाही तोवर
आज आपण लावायची नाही.
एक, दोन, तीन...
साताच्या आकड्यावर कुठंतरी घुंई झाली.
कुणाची ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.
आठावर मी बटन दाबलं.

काल कॉर्पोरेशनात अर्ज दिला.
साहेबांनी कानडीतला वाचला, मराठीतला उलटून ठेवला,
चष्मा काढून म्हणाले, हे काही लोक म्हणजे कोण?
आम्ही पाच जण गेलो होतो.
पाचही जणांनी खिडकीबाहेर बघितलं.
तिथं पलीकडच्या गल्लीचे लोक
अर्ज घेऊन उभे होते.