आडवी रेघ

चरईतल्या त्या इमारतीत
तिसऱ्या मजल्याचा मीटर
दर शुक्रवारी तिन्हीसांजेला झोपायचा.
ऑफिसातल्या पडद्यावर नुसती आडवी रेघ,
थेट शनिवारी रात्रीपर्यंत.
ना इस्त्रीचा सुळका, ना मिक्सरचं टोक.
साहेब म्हणाले, बघून या,
काहीतरी केलंय मीटरला.

सील शाबूत होतं.
चौकटीवरच्या तिरप्या डबीला बोटं लावून
ती ओठांना टेकवत शालोम झिराडकर म्हणाले,
"मीटर नीट आहे.
शुक्रवारी जेवायला या, म्हणजे कळेल."

गेलो.
मी डब्याच्या झाकणात भाजी घेऊन
उभ्या उभ्या जेवणारा माणूस.
तिथं दोन टेबलं जोडून एकच चादर,
अकरा माणसं, बाकावर तिघांच्या जागी चौघं.
समोरच्या ब्लॉकमधल्या थत्तेबाई आपल्या ठरल्या कोपऱ्यात:
"वीस वर्षं बिरडं इथलंच.
मासा तुमचा तुम्ही बघा."
काचेच्या पेल्यांत पाण्यावर तेल, तेलावर वाती,
सेगुलाबाईंनी उजेड असतानाच लावलेल्या.
काळ्या मनुकांचं शरबत
एका चांदीच्या पेल्यातून सगळ्यांत फिरलं.
मी घोट घेतला तेव्हा कुणी बघितलं नाही.
बरं वाटलं.

मग तांब्यानं हात धुवायचे,
आधी उजवा, मग डावा.
धुतले, वळलो,
आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं
बेसिनशेजारचं बटण बंद केलं.

अख्खी खोली विझली.

"लाइट गेली?" मी विचारलं.
कुणी बोलेना.
"फ्यूज बघू का?"
चमचासुद्धा वाजेना.
दोन वातींच्या उजेडात अकरा तोंडं गप्प,
सगळी माझ्याकडं.
चपला कुठं काढल्या ते मी आठवू लागलो.

पोळी मोडली गेली.
मिठाचा बोट लागलेला तुकडा
कुणीतरी माझ्या तळहातावर ठेवला.
शालोमकाका काही पुटपुटले, चावले, गिळलं,
आणि मग सगळे एकदम हसत सुटले,
थत्तेबाई सगळ्यांत मोठ्यानं.

"हात धुतल्यावर पोळी खाईपर्यंत बोलायचं नसतं,"
धाकट्या एलियाबनं समजावलं,
"आणि बटण उद्या चांदण्या दिसेपर्यंत
आम्ही दाबायचं नसतं."
"आणि तुम्हाला दाबा असंही सांगायचं नसतं,"
याएल म्हणाली,
आणि आईचा चिमटा बसल्यावर ओरडली.

मी उठायला लागलो,
तेवढ्यात सेगुलाबाईंनी आमटीचं जड पातेलं
माझ्या दोन्ही हातांत दिलं.
"घ्या आणि पुढं द्या. गार होतंय."

पातेलं येतंय हे आधी वाफेनं कळायचं,
मग शेजारच्या कोपरानं.
नारळाच्या दुधात रावस;
रस्सा हिरवा होता म्हणे.
काटे बोटांनीच शोधले.
बिरड्याचा वाडगा दोनदा उलटा फिरला
कारण म्हाताऱ्या आत्याला पहिल्या फेरीत मिळालंच नव्हतं.
अश्दोदला गेलेल्या मुलाची एक गोष्ट निघाली,
अर्धीच राहिली.
या टेबलावर कोळंबी कधीच येत नाही
हे ऐकून मी, रेवदंड्याचा माणूस,
खरोखर हळहळलो.
अंधार होता, निभावलं.
माझ्या ताटात भात तीनदा आला.
कुणी वाढला, अजून माहीत नाही.

बटण हाताच्या अंतरावर होतं.
हात मात्र रिकामे झालेच नाहीत,
एक वाडगा गेला की दुसरा यायचा,
आणि शेवटी, खरं सांगतो,
मी ते विसरलो.

सोमवारी अहवाल दिला: मीटर निर्दोष.
साहेबांनी पडदा माझ्याकडं वळवला,
रेघेवर पेन टेकवलं.
"आणि हे काय?
शुक्रवारी सव्वाआठला
एक पायरी खाली उतरलीय."

मी जवळ जाऊन पाहिलं.
छोटीशीच होती, एका ट्यूबलाइटएवढी.

"जेवायला बसले असतील," मी म्हटलं.