सव्वा तोळा

दुकान वाढवलं की काटा बरोबर घेऊनच वर येतो.
गुजरीतला काटा, काचेच्या पेटीतला,
शेजारच्या गाळ्यात पंखा लागला तरी चळणारा.
गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं
चौदा खुराडी आहेत
आणि त्यांतली माझी माणसं.

कोंबडा मुठीत मावतो.
छाती मात्र अशी काढतो की
तालमीतल्या पोरानं बघून शिकावं.
मान मागं, शेपूट सरळ वर,
दोहोंच्या मध्ये पाठ म्हणून काही उरलेलीच नाही.
ती घालवायला मला अकरा वर्षं लागली.

पहिली जोडी इलाही शिकलगारानं दिली, कागलच्या बाजारात,
पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी,
कारण घरी काय सांगायचं
हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.
रत्नमालानं कोथिंबीर उचलली,
खाली वाकून बघितलं, म्हणाली,
"ह्याचा रस्सा किती जणास्नी पुरंल?"
पुढं सगळ्या पेठेनं तेच विचारलं.
पाहुणे अजून विचारतात, तांबड्याची वाटी तोंडाला,
बोट गच्चीकडं.
मी म्हणतो, एक चमचा.
म्हणतात, नाद खुळा.

वहीत सगळं आहे.
आई कोण, बाप कोण, कुणाचे पाय आखूड,
कुणाच्या तुऱ्याला पाच दाते, कुणाच्या सहा.
नावं वजनावरून: गुंज, वाल, मासा.
बारक्यातला बारका निवडायचा,
बारकीतल्या बारकीला लावायचा,
उंच निघतील ते वाटून टाकायचे.
लोक खूश होऊन नेतात.
धंदाही असाच केला. फुंकणीतून मोजून फुंक,
जोड दिसला की काम फुकट.

पण आखुडाला आखूड लावला
तर चारातलं एक अंडं आतच राहतं.
इलाहीनं आधीच सांगितलं होतं.
सातव्या रात्री बॅटरीवर अंडं धरलं की
आत नुसतं एक लाल कडं.
गोल, नेमकं, डाग न दिसणारं.
मी आयुष्यभर कडी केली,
कुणाच्या मापाचं हे, ते कळलं नाही.

वहीत त्यांना रकाना नव्हता.
आखला.
दोन वर्षांत पान भरलं.

मग एका रविवारी उत्तरेश्वर पेठेत गेलो,
उपाध्यांच्या श्रेणिककडं.
त्यांच्या घरात अंडं चढत नाही,
त्यामुळं त्या घरची कोंबडी म्हातारी होणार हे नक्की.
तिचं नाव त्यानं शेवगा ठेवलंय, पायांवरून.
माझ्या वहीत तिच्यापुढं एकच शब्द होता: बाद.
म्हटलं, महिनाभर देतोस काय?
पोरगं नववीतलं. विचार करून म्हणालं,
"काका, पिल्लं निम्मी माझी.
आणि निवडणार मी."
सोन्याच्या व्यवहारात इतकं कुणी मला अडवलं नव्हतं.

शेवगा आली. वालाच्या खुराड्यात
वालापेक्षा चार बोटं उंच, अवघडून उभी,
लग्नाला चुकीच्या घरी गेल्यासारखी.
तो तिच्याभोवती पंख पाडून फिरला,
पोहोचायला जरा त्रास झाला, पण पोहोचला.
आठ अंडी. खुडूक गुंजेखाली रवण घातलं.
सातव्या रात्री बॅटरी धरली.
एकही कडं नाही.
पुन्हा धरली.

विसाव्या दिवशी पहाटे पहिलं निघालं.
ओलं, मोहरीसारखे डोळे, चोचीवर अजून तो पांढरा दाणा.
पेटीत ठेवलं, काच लावली.
काटा सव्वा तोळ्यावर गेला आणि थरथरत राहिला.
मी थांबलो. पन्नास वर्षांची सवय,
स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहीत नाही.
"पंखा बंद हाय," रत्नमाला मागून म्हणाली.
"श्वास घेतंय ते. लिवा."

पेन उघडलं तोवर
जिन्यात श्रेणिकच्या चपला वाजल्या.
आला, वाकला, काचेला नाक लावलं.
वजन विचारलं नाही.
म्हणाला, "पाय लांब हायत काय ह्याचे?"